गल्ली चारची बेरीज

ऐक, आता मधे काही बोलू नकोस, नुसतं ऐक. तुझी मतं शेवटी. कारण मधे मत दिलंस ना, की पुढच्या पाच मिनिटांत तुलाच ते बदलावं लागेल.

गोष्ट दोन हजार छत्तीसच्या उन्हाळ्यातली, कराडची. तिथं 'खडानखडा' नावाची बातम्यांची साइट आहे. सात माणसांचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान, वर ही मंडळी. त्यातली रेवा शिंगटे, सव्वीस वर्षांची, तिच्याकडे नकाशे होते. म्हणजे बातमी लिहायची नाही, नकाशात घालायची. पूर येणार असेल तर स्क्रीनवरची पट्टी बोटानं सरकवायची आणि पाणी किती फुटांवर गेलं की तुमच्या उंबऱ्याशी येतं ते बघायचं, असले नकाशे. लोक बातमी अर्धी सोडायचे, पण नकाशात स्वतःचं घर शोधल्याशिवाय राहायचे नाहीत. संपादक मुजावर सर तिला चिडवायचे, "रेवाबाई, आपला वाचक पहिल्यांदा काय शोधतो? छपरावरची स्वतःची काळी टाकी. टाकी दिसली की खूश. मग त्याला सांगा काय सांगायचं ते."

तर त्या वर्षी शहरात नवीन पट्ट्या बसल्या होत्या. बोटाएवढी पट्टी, प्रत्येक घराचं सांडपाणी जिथं गटारात पडतं तिथं चिकटवलेली. पाण्यात कुठल्या रोगाचे जंतू आहेत आणि किती, ते ती दर तासाला ओळखायची. जंतूच्या अंगात त्याची स्वतःची अशी एक खूण असते, डीएनएची, ती सापडली की पट्टी मोजायला लागते. माणूस आजारी पडायच्या आधीच गटाराला कळायचं की या घरात काहीतरी आहे. आता हे भारीच, पण भयंकरही, हो ना? शेजाऱ्याला कळलं तर? म्हणून कायदाच तसा केला होता, की एका घराचा आकडा घरमालकाच्या सहीशिवाय कुणीही बघायचा नाही, आरोग्य खात्यानंसुद्धा नाही. दाखवायचं तर वीस घरांचा मिळून दाखवायचा.

हे आकडे गोळा करून मांडायचं काम पालिकेनं 'खडानखडा'लाच दिलेलं, आणि रेवानं नकाशा केला तो असा. तुम्ही बोटानं गोल काढायचा, हवा तिथं, हवा तेवढा. गोलात वीस किंवा जास्त घरं असली की आकडा उमटायचा. वीसपेक्षा कमी असली की गोल राखाडी. शिवाय तिनं एक काळजी घेतली होती. गोलाच्या प्रत्येक आकड्यात थोडं खोटं मिसळायचं, कधी शंभर जास्त, कधी दोनशे कमी, साधारण एका घराएवढं. ऑफिसात त्याला 'मीठ' म्हणायचे. मोठ्या भागात ते मीठ कळायचंही नाही, दहा हजारांत दोनशे इकडेतिकडे झाले तर काय फरक पडतो? पण कुणी एका घराचा आकडा काढायला गेलं तर त्याच्या हाती नुसतं मीठच यायचं. अख्ख्या गल्लीचा आकडा तेवढा बिनमिठाचा, खरा.

"हे मिठाचं वर मोठ्या अक्षरात लिहूया का?" रेवानं विचारलं होतं.

"आणि लोक म्हणणार, म्हणजे तुम्ही खोटे आकडे छापता," मुजावर सर म्हणाले. "खाली 'माहिती' बटण आहे ना, त्यात टाक."

ते बटण कोण दाबतं? तू दाबलंयस कधी?

एप्रिलमध्ये टायफॉइड आला. साधा नाही, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. इंजिनीअरिंग कॉलेजच्या होस्टेलवरची पोरं पडायला लागली, चार, मग नऊ, मग सतरा. रेवाचा नकाशा दिवसाला लाख लाख लोक बघायला लागले. आणि नकाशात सगळ्यात लाल होती दत्तकृपा कॉलनीतली गल्ली नंबर चार. वीस घरं, आकडा तीनशे चार. बाकी कॉलनी फिकट.

गंमत म्हणजे रेवा राहायची त्याच गल्लीत. घर नंबर सतरा, तिच्या मालनआत्याचं. रेवाची आई लवकर गेली, वडील बदलीच्या नोकरीत, त्यामुळे सहावीपासून रेवा आत्याकडेच. आत्या बालवाडीतून निवृत्त, मूलबाळ नाही, मामांना जाऊन दहा वर्षं झालेली. त्यांच्या नावानं आत्या दर उन्हाळ्यात कॉलेजच्या कोपऱ्यावर पाणपोई लावायची. पाण्याची नाही हां, ताकाची. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत. पहाटे उठून स्वतः घुसळायचं, आलं-जिरं लावायचं, डेरा रिक्षात घालून न्यायचा, वर पाटी, 'कै. वसंतराव यांच्या स्मरणार्थ'. पोरं रांगा लावायची.

शेजारी, सोळा नंबरला, पाटणकर मावशी. त्यांचे होस्टेलवर साठ डबे जायचे. तोंडानं तिखट बाई, भाजीला नाव ठेवलं तर दुसऱ्या दिवशी रिकामा डबा पाठवणारी.

आणि समोर घोरपडे गुरुजी. निवृत्त गणिताचे मास्तर, रेवाला दहावीला त्यांनीच शिकवलेलं. त्यांना नकाशाचं फार कौतुक, दिवसभर गोल काढत बसायचे. एका सकाळी त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ केला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. "नमस्कार. एकवीस घरांचा गोल काढा. आकडा लिहा. आता गोल जरासा सरकवा, सोळा नंबरचं घर तेवढं बाहेर जाऊ द्या. आकडा लिहा. वजा करा. उत्तर दोनशे नव्वद. म्हणजे गल्लीतला जवळजवळ सगळा टायफॉइड एका घरातून येतो आहे. तिसरीची वजाबाकी आहे ही."

सोळा नंबर. डबेवाली. आणि होस्टेलची पोरं आजारी. लोकांना अजून काय हवं होतं?

दुपारपर्यंत तो व्हिडिओ शहरभर. संध्याकाळी साठ डबे मावशींच्या फाटकाबाहेर, काही तर जेवणासकट भिरकावलेले, वरण रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी फाटकावर लाल रंगात कुणीतरी लिहिलं, '२९०'. आणि तिसऱ्या दिवशी होस्टेलवरचा एक मुलगा मिरजेला आयसीयूत गेला. पारस नाव त्याचं, लातूरकडचा.

रेवा धावत गुरुजींकडे. "गुरुजी, ते काढा! तो आकडा मिठाचा आहे, त्याला काही अर्थ नाही!"

"मिठाचा म्हणजे?"

तिनं समजावलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "मी वीसही घरांची वजाबाकी केली आहे, रेवा. ही बघ वही."

"मग बघा ना, हे काय? सतरा नंबर, उणे चाळीस! कुणाच्या घरातून उणे चाळीस जंतू येतात का?"

"तो यंत्राचा दोष," गुरुजी म्हणाले, आणि हसून, "शिवाय मालनताईंची पुण्याई. त्यांच्या घरात गेलेले जंतूसुद्धा कमी होत असतील. पण दोनशे नव्वद स्पष्ट आहे, बाळ."

'खडानखडा'नं मोठा खुलासा छापला. गोलांची वजाबाकी करू नका, आकड्यांत मुद्दाम फरक ठेवलेला आहे. खाली शेरे काय आले असतील? 'म्हणजे इतके दिवस खोटं छापत होता.' 'कुणाला वाचवताय?' 'मावशीकडून फुकट डबा येतो वाटतं.'

"नकाशाच बंद करूया सर," रेवा म्हणाली.

"आज? पोरगं आयसीयूत असताना?" मुजावर सर म्हणाले. "अगं, नकाशा बघून दीडशे लोक आपणहून तपासून आलेत. बंद केला तर ते थांबेल. आणि मावशींवरचा डाग पक्का होईल, की बघा, पुरावा लपवला."

मग एकच रस्ता उरला. मावशींनी सही दिली तर त्यांच्या घराचा खरा आकडा दाखवता येणार होता. रेवा फॉर्म घेऊन गेली. मावशी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, समोर साठ डबे घासून पालथे घातलेले.

"तुझ्या त्या नकाशानं माझ्या फाटकावर नंबर घातला," मावशी म्हणाल्या, "आणि आता तूच सही मागतेस. लाज वाटते का?"

"वाटते, मावशी."

"आण इकडे."

आता यापुढे ती चूक, जी फक्त नकाशावाल्यांनाच होऊ शकते. सोळा नंबरची एकच ओळ मागवायची असते, तसा नियमच असतो. रेवानं घाईत अख्खा तक्ता उघडला. नेहमी एकटीच उघडायची ना, साफसफाईला, घरांचे आकडे झाकलेले असताना, तेव्हा बोटांना तीच सवय, पण आज सहीमुळे आकडे उघडे होते. सोळा नंबर, शून्य. तिचा जीव भांड्यात पडला. आणि नजर एक ओळ खाली घसरली.

सतरा नंबर. तीनशे चार.

मग तिनं तक्ता मिटला, मावशींचं शून्य नकाशावर चढवलं, आणि घरी गेली.

तुला यातलं विज्ञान सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टायफॉइड बरा होतो, पण शंभरातल्या दोनचार जणांच्या पोटातून तो जंतू जातच नाही. पित्ताशयात घर करतो, तिथं खडे असतील तर त्यांना चिकटून बसतो, वीस वर्षं, तीस वर्षं. माणूस ठणठणीत. ताप नाही, काही नाही. पण हातून जंतू जात राहतात, कधी वर्षानुवर्षं थांबतात आणि एखाद्या उन्हाळ्यात परत सुटतात. शिजवलेल्या अन्नात मरतात. आणि ताक कुणी शिजवत नाही.

घरात दोघीच. रेवानं स्वतःची तपासणी त्याच संध्याकाळी करून घेतली. सकाळी निकाल आला, काही नाही. राहिलं कोण?

आत्या ओट्याशी उभी राहून डेऱ्यात रवी फिरवत होती, आणि मधेच हातानं लोणी काढत होती. कोपरापर्यंत हात ताकात.

"आत्या, आज नको ना नेऊस. ऊन किती आहे."

"म्हणून तर न्यायचं. दहा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही."

"मी नेते, दे," म्हणून रेवानं डेरा उचलला आणि सोडून दिला. खापऱ्या, ताक, सगळं स्वयंपाकघर पांढरं.

आत्या आधी रेवाकडे वळली. "लागलं नाही ना तुला?" म्हणाली, आणि फडकं घेऊन खाली बसली. रेवाला तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं तिनं. पण सांगणार कसं? तो आकडा बघायचा तिला हक्कच नव्हता. आणि मोबाईल वाजला. पारस गेला होता.

बाहेर मात्र भलतंच सुरू झालं. मावशींचं शून्य बघून लोकांनी फाटक पुसलं, गुरुजींनी ग्रुपवर माफी मागितली, तीही गणिती पद्धतीची, 'पहिली रीत चुकीची होती, उत्तर मागे घेतो.' पण मग गल्लीतला प्रत्येक जण उठला. आमचंही दाखवा! शून्य आता दाखल्यासारखं झालं होतं. ज्याचं दिसत नाही, तो संशयित. दुपारी दोन वाजता अख्खी गल्ली नंबर चार 'खडानखडा'च्या जिन्यावर, हातात सह्या केलेले फॉर्म. गुरुजी वही घेऊन खुर्चीवर. रेवा एकेक ओळ उघडत गेली, या वेळी एकेकच. शून्य. शून्य. शून्य. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी पेढे मागवले.

"एकोणीस झाली," गुरुजी म्हणाले. "एकोणीस शून्यं. आता बेरीज तीनशे चार यायची तर..."

"अगं, माझं राहिलं की," म्हणत गर्दीतून मालनआत्या पुढे आली. पदरानं घाम पुसत, सगळ्यांच्या देखत टेबलावर वाकून तिनं सही केली. "सतरा नंबर. टाक."

रेवा म्हणाली, "आत्या, जरा आत ये."

यूपीएसची खोली, दोघी उभ्या राहतील एवढीच. बॅटऱ्यांची घरघर.

"तुला कधी टायफॉइड झाला होता?"

"विषमज्वर? झाला होता की, तुझ्या बापाच्या लग्नात. अंथरुणातूनच अक्षता टाकल्या मी. का गं?"

रेवानं सांगितलं. सगळं, पित्ताशय, हात, ताक. आत्या ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "तो कानात बाळी घालायचा तो, तोच का पारस?"

"हो."

"तीन तीन ग्लास प्यायचा. मीच म्हणायचे, घे रे अजून, लाजू नकोस." ती भिंतीला टेकली. आणि मग जे बोलली ना, ते रेवाला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. "शून्य लाव."

"आत्या..."

"मी आत्ता दवाखान्यात जाते. पित्ताशय काढू देत, काय काढायचं ते काढू देत. पाणपोई बंद. पण त्या नकाशात नको, रेवा. तिथं ह्यांच्या नावाची पाटी आहे गं."

"बेरीज जुळणार नाही. गुरुजी बाहेर वही घेऊन बसलेत. मावशींचं शून्यही परत खोटं ठरेल."

"मग गल्लीचा आकडाही बदल. तूच करतेस ना ते सगळं?"

आणि हे खरं होतं. दोन आकडे. सतरा नंबरला शून्य आणि गल्लीला शून्य. साथ ओसरली म्हणायचं. मावशी सुटलेल्या, आत्या सुटलेली, गल्ली पेढे खातेय. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

फक्त, त्या कोपऱ्यावर महिनाभर शेकडो लोक ताक प्यायले होते. आज ठणठणीत दिसणारे. त्यांना कळायला हवं होतं की आपण तपासून घ्यायचं, पारससारखं पडायच्या आत.

"पाणपोईवर जे आले त्यांना कसं सांगायचं मग?" रेवा म्हणाली.

"सांग ना, सगळ्यांनी तपासा म्हणून सांग. माझं नाव कशाला?"

"महिनाभर तेच ओरडतोय आत्या. 'सगळ्यांनी' म्हटलं की कुणीच ते स्वतःला लावून घेत नाही."

आत्यानं तिचा हात धरला. "मी सही मागे घेते. नको म्हणते मी, ऐकलंस? आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी?"

नव्हतं मागितलं. कधीच.

रेवा बाहेर आली तर मुजावर सर दारातच. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आतल्या आत्याकडे बघितलं, आणि ते ओळखून चुकले. "नकाशा तुझा आहे," ते हळूच म्हणाले. "मी जरा खाली जाऊन येतो." आणि खरंच जिना उतरून गेले. शहाणपणा की पळपुटेपणा, रेवाला अजून ठरवता आलेलं नाही.

ती खुर्चीत बसली. टेबलावर सही केलेला कागद. यूपीएसच्या दारात सही करणारी, मान हलवत, नको नको. समोर वीस घरांची माणसं, पाटणकर मावशी सगळ्यात पुढे.

रेवानं तीनशे चार टाकले.

गुरुजींच्या तोंडून, सवयीनं, वहीत टिक करता करता निघून गेलं, "जुळली." आणि मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते.

त्याच दुपारी नकाशावर कॉलेजच्या कोपऱ्यात एक ठिपका आला, 'इथं ताक प्यायला असाल तर आजच तपासा.' सहाशे लोक आले. एकेचाळीस जणांत जंतू निघाला, एकेचाळीसही वाचले, त्यात एक सात महिन्यांची गरोदर होती. आत्याचं ऑपरेशन झालं, आता तिच्यात काही नाही, पट्टीवर शून्यच असणार. पण पट्टी सतरा नंबरची नव्हे, फलटणची. ती दिराकडे गेली. घरावर दगड पडले नाहीत की फाटकावर कुणी काही लिहिलं नाही. फक्त मामांच्या नावाची पाटी कुणीतरी काढून नेली, आणि गल्लीतलं एकही माणूस आत्याला निरोप द्यायला आलं नाही. पाटणकर मावशीही नाहीत. रेवाचे फोन आत्या उचलत नाही. दीर उचलतो, म्हणतो, झोपलीय.

रेवाचा तो नकाशा आता अकरा शहरांत वापरतात. बक्षीस मिळालं त्याला. भाषणात तिनं आत्याचं नाव घेतलं नाही. म्हणाली, संमती घेऊन आकडा दाखवला. आणि कागदावर बघितलं तर संमती होतीच.

हां, आता बोल. सही केलेला कागद हातात, सही करणारी समोरून नको म्हणतेय, आणि दोन आकडे बदलले तर जगात कुणालाच कळणार नाही. खुर्चीत तू आहेस. खरं सांग, तू काय केलं असतंस?